कठड्याखालच्या पट्ट्या

माझ्या भावाला सगळे ओळंबा म्हणायचे. गवंडी भिंत सरळ आहे का ते बघायला दोरीला वजन बांधून सोडतो ना, तो ओळंबा. तोंडावर मेस्त्री आणि पाठ वळली की ओळंबा. त्याला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही, पण कबूल करेल तर शपथ.

नाकासमोर चालणारी माणसं जगात पुष्कळ असतात. हा बाबा दुसऱ्यांची नाकंसुद्धा सरळ करायला जायचा. कुणाच्या घरी गेला की आधी भिंतीवरच्या तसबिरी सरळ करणार, मग बसणार. टेबल डुगडुगत असेल तर खाली वाकून पायाखाली कपटा सारणार. चहा गार झाला तरी चालेल. तरुणपणी एकदा मी त्याच्यासाठी एक मुलगी सुचवली होती. हसरी होती, हाताला काम होतं. आम्ही दोघं तिच्या घरी गेलो. मुलीचा बाप बोलतोय, आई बोलतेय, मुलगी समोर बसलीय आणि हा आपला दाराच्या चौकटीकडे बघतोय. मी कोपरानं ढोसलं. उपयोग शून्य. शेवटी उठला, दार उघडून मिटून पाहिलं आणि म्हणाला, "खालची बिजागरी सैल झालीय, म्हणून घासतं तुमचं दार." दुसऱ्या दिवशी हत्यारं घेऊन जाऊन दुरुस्तही करून आला. दार सरळ झालं, लग्न मोडलं. मुलगी म्हणाली म्हणे, त्यांनी माझ्याकडे एकदासुद्धा बघितलं नाही. काय खोटं बोलली बिचारी?

मग लग्न राहिलंच. माझा नवरा लवकर गेला आणि मी भावाच्या घरी परत आले. दोन खोल्या, वर पत्रा, खिडकीतून बंदर दिसायचं. तो मला 'सुई' म्हणायचा. मी शिडं शिवायची म्हणून, आणि बोलते टोचून म्हणून. मी त्याला दादाच म्हणायची, भांडतानासुद्धा.

आम्हा दोघांची भाकरी एकाच जहाजावर होती. बंदरात नौकानयनाची शाळा होती आणि शाळेचं एक जुनं शिडाचं जहाज होतं. दादा जहाजावरचा सुतार आणि मी धक्क्यावरच्या शेडमध्ये शिडं शिवणारी. पोरं त्या जहाजावर राहायची, दोर ओढायला शिकायची, डोलकाठीवर चढून शीड गुंडाळायला शिकायची. पहिल्या दिवशी वर चढताना रडणारी पोरं शेवटी वरूनच खालच्यांना वाकुल्या दाखवायची. आता शिडांच्या जहाजावर शिकून ती काय करणार होती, असं कुणी विचारलं की दादा उखडायचा. म्हणायचा, "वारा कळला की मग कुठलंही जहाज चालवता येतं. इंजिन बटण दाबलं की चालतं. त्याला माणूस कशाला लागतो?"

खरं तर ते जहाज शाळेसाठी बांधलेलंच नव्हतं. धान्य वाहायला बांधलेलं. आणि तेही कधी, तर आगबोटी धूर सोडत सगळा धंदा पळवायला लागल्यावर! मालकाला सगळ्यांनी सांगितलं की बाबा रे, शिडांचे दिवस गेले. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. त्यानं तीन डोलकाठ्यांचं जहाज बांधलं. पुढच्या दोन काठ्यांवर आडवी चौकोनी शिडं, मागच्या काठीवर उभं शीड, म्हणजे वारा कुठूनही येवो, थोडक्या माणसांत काम भागतं. तळाचा कणा मोठमोठ्या लाकडांचा, एकाच्या खाचेत दुसरं बसवून जोडलेला. त्यावर बरगड्या आणि बरगड्यांवर फळ्या, फळ्यांच्या फटीत काथ्या ठासून वर डांबर. दादा मला हे सगळं हातानं हवेत काढून दाखवायचा. मी म्हणायची, "दादा, मला पाठ आहे." तो म्हणायचा, "तरी ऐक."

मालकाचं दिवाळं निघालं तेव्हा शाळेनं ते जहाज स्वस्तात घेतलं. आता जिथं धान्य भरायचं ते पोट रिकामं केलं आणि तिथं पोरांची झोपायची जागा केली, वर्ग केला. आत अंधार, म्हणून एका जुन्या कप्तानानं दोन्ही बाजूंना खिडक्यांची रांग पाडली. शाळेच्या मुख्याध्यापकाला आम्ही सगळे कप्तानच म्हणायचो. पोरांना वाचायला उजेड हवा होता, त्याचं काही चुकलं नाही. नंतर मागच्या टोकाला एक लहान इंजिन बसवलं, बंदरात आत-बाहेर करायला. पुढच्या टोकाला नांगर आणि त्याची साखळी होतीच.

आता कुणीही सांगेल, मध्ये ओझं असलेली वस्तू आणि दोन्ही टोकांना ओझं असलेली वस्तू, दोन्ही सारख्या कशा राहतील? धान्य पोटात होतं तोवर मधला भाग दाबून खाली होता. धान्य गेलं, पोरं आली. पोरांचं वजन ते काय! मधला भाग पाण्यावर वर उचलायला लागला आणि इंजिन आणि नांगर टोकं खाली ओढायला लागले. त्यात बाजूच्या फळ्यांना खिडक्यांची भोकं. म्हातारी माणसं वाकतात तसं ते जहाज वाकायला लागलं, फक्त उलट. पाठ वर, टोकं खाली. एका दिवसात नाही, वर्षानुवर्षं.

हे मला दादानं सांगितलं नाही. माझ्या कापडानं सांगितलं.

उन्हाळ्यात पोरं डेकवर बसून गाठी मारायला शिकायची, तेव्हा डोक्यावर कापडी छत ताणायचो. पुढच्या डोलकाठीपासून मधल्या काठीपर्यंत, वरची कड काठ्यांना उंचावर बांधलेली आणि खालची कड कठड्याशी. त्या छताचं माप माझ्या आधीच्या शिवणारीनं शेडच्या जमिनीवर कायमचं कोरून ठेवलं होतं. मी त्यावरच कापायची. एका वर्षी वरची कड तोकडी पडली. मला वाटलं, माझाच हात चुकला. पट्टी जोडली. दोन-तीन उन्हाळ्यांनी परत नवं छत कापलं, परत तोकडं. खालची कड मात्र बरोबर बसायची. म्हणजे काठ्यांची डोकी एकमेकींपासून लांब चालली होती आणि पाय जागच्या जागी होते.

मी दादाला सांगितलं, "दादा, तुझं जहाज वाकतंय."

तो पटाशीला धार लावत होता. मान वर न करता म्हणाला, "कापड आटलं असेल."

"कापड फक्त वरून आटतं होय?"

"तुझं माप चुकलं असेल."

"माझं माप?"

"शिवता येईना, जहाज वाकडं," असं म्हणून तो हसला. मला असा संताप आला! मी त्या दिवशी त्याच्याशी बोललेच नाही. ताट त्याच्यासमोर आदळलं आणि तोंड फिरवून बसले. तो जेवून झाल्यावर चमचा नेमका टेबलाच्या कडेला समांतर ठेवून गेला. असला माणूस. रागवायचं तरी कसं याच्यावर?

पण त्याला ठाऊक होतं. त्याला नाही तर कुणाला असणार? सूतभर वाक त्याच्या हाताला लागायचा. डोळे मिटून फळीवरून तळवा फिरवायचा आणि म्हणायचा, "इथं." रंधा मारायचा आणि खरंच तिथंच असायचा.

एकदा मी त्याचा डबा घेऊन डेकवर गेले. दादा मागच्या टोकाला गुडघ्यावर बसलेला. कठड्याची वरची फळी उचकटून बाजूला ठेवलेली, आणि तो तिच्याखाली लाकडाच्या पातळ पट्ट्या बसवत होता. मी बघत राहिले. पट्ट्यांखाली जुन्या पट्ट्या होत्या, आणि त्यांच्याखाली आणखी जुन्या. टोकाशी जाड थर, मधल्या काठीकडे येता येता पातळ आणि मग काहीच नाही. जहाज खाली झुकायचं तेवढा हा कठडा वर उचलायचा. बाहेरच्या बाजूला जो पांढरा पट्टा रंगवलेला होता, तोही हा दरवर्षी नव्यानं दोरी मारून सरळ आखायचा. धक्क्यावरून बघणाऱ्याला वाटायचं, वा, काय ताठ आहे म्हातारी!

मी म्हटलं, "दादा, हे काय करतोयस?"

"पाहुणे येतात बघायला. वाकडं दिसतं."

"दिसतं की आहे?"

त्यानं डबा घेतला, उघडला आणि म्हणाला, "मीठ कमी आहे आज." अजून घासही तोंडात घातला नव्हता.

असं किती वर्षं चाललं, मी मोजलं नाही. त्याचे केस पिकेपर्यंत चाललं. मला वाटतं, शेवटी शेवटी त्यालाच ते खरं वाटायला लागलं होतं. रोज सकाळी तो पुढच्या टोकाला उभा राहून एक डोळा मिटून कठड्यावरून मागपर्यंत बघायचा आणि समाधानानं कामाला लागायचा. दुसऱ्याच्या घरातली बिजागरी याला दिसायची. आपल्या घरातलं मात्र झाकून ठेवायचा आणि वर त्याच्यावर खूश व्हायचा!

मग जहाज गळायला लागलं. पोरांना रोज पंप मारावा लागायचा. आधी पोरांना मजा वाटायची, मग त्यांच्या हाताला फोड आले आणि मजा संपली. त्या वेळचा कप्तान भला माणूस होता, हळू बोलणारा. तो एक दिवस शेडमध्ये आला. दादा माझ्याकडे काथ्या न्यायला आला होता. कप्तान शिडाच्या गठ्ठ्यावर बसला आणि म्हणाला, "मेस्त्री, जहाज गोदीत घ्यायचं ठरलंय. पाण्याबाहेर काढून तळाच्या फळ्या बदलायच्या. पण वरच्यांची अट आहे. कणा सरळ असेल तर दुरुस्ती. कणा वाकला असेल तर त्याच्यावर एक दिवसही घालवायचा नाही, सरळ तोडायला द्यायचं. मला ते तोडायला द्यायचं नाही, मेस्त्री. तुम्हीच सांगा, सरळ आहे ना?"

दादानं कप्तानाकडे बघितलं नाही. माझ्या हातातल्या सुईकडे बघितलं.

"सरळ आहे," म्हणाला.

कप्तान इतका खूश झाला की त्यानं दादाचा हात दोन्ही हातांनी धरला. तो गेल्यावर मी सुई कापडात खोचली आणि म्हटलं, "दादा, काय बोललास तू हे?"

"मग काय बोलू? वाकलंय म्हणू? उद्या कुऱ्हाड घेऊन येतील."

घरी आल्यावर आम्ही भांडलो. असे भांडलो की शेजारची बाई मीठ मागायच्या निमित्तानं डोकावून गेली. मी म्हटलं, "अरे, गोदीत जहाज खाली कशावर टेकतं? ठोकळ्यांच्या रांगेवर. रांग सरळ आणि जहाज वाकडं असलं तर टोकं टेकतील आणि मधलं लोंबकळेल. माझ्यासारख्या अडाणी बाईला कळतं हे. गोदीवाल्याला तरी सांग की मधले ठोकळे वर घ्या."

"गोदीवाल्याला सांगितलं की कप्तानाला कळलं. कप्तानाला कळलं की वरच्यांना कळलं."

"आणि नाही सांगितलं तर?"

मग तो बसला. आवाज खाली आला. मला समजावून सांगायला लागला, जसं लहानपणी गणित समजावायचा तसं. म्हणाला, "सुई, लाकूड ओलं असताना वळतं. फळी वाफेवर घेतो आपण, मऊ होते, बरगडीवर दाबतो, बसते की नाही? हे तर पाण्यात भिजून भिजून बसलंय. खाली सरळ मिळालं, वरून स्वतःचंच वजन आलं, की हळूहळू बसेल. कधी कुणी त्याला सरळ जागा दिलीच नाही. दिली तर होईल सरळ."

"आणि नाही झालं तर?"

"होईल."

काय सांगू, त्यानं ते इतक्या मनापासून सांगितलं की मला पण वाटलं, होईल. मोडेन पण वाकणार नाही म्हणणारे लोक मी पुष्कळ बघितलेत. त्या जहाजानं बिचाऱ्यानं उलटं केलं होतं, वाकून वाकून स्वतःला वाचवलं होतं. तेवढी अक्कल आम्हा दोघांपैकी एकालाही सुचली नाही.

गोदीचा मुकादम जाडजूड आणि हसऱ्या तोंडाचा होता. त्यानं धक्क्यावर उभं राहून पांढऱ्या पट्ट्यावरून एक डोळा मिटून बघितलं, कठड्यावरून बघितलं आणि म्हणाला, "मेस्त्री, तुमची ही म्हातारी माझ्या बायकोपेक्षा ताठ आहे हो!" सगळे हसले. मग हसू आवरून त्यानं कामाचा प्रश्न विचारला, "वाक किती आहे?"

दादा म्हणाला, "नाही."

"अजिबात नाही? एवढ्या जुन्या जहाजाला?"

"नाही."

मुकादमानं परत एकदा पांढऱ्या पट्ट्याकडे बघितलं. पण सांगणारा कोण, तर ओळंबा. ओळंब्यानं सरळ म्हटलं म्हणजे सरळ. गोदीतसुद्धा त्याचं नाव होतं. मुकादमानं माणसांना हाक मारली आणि रिकाम्या गोदीच्या तळाशी ठोकळ्यांची रांग दोरीत लावली. दादा खाली उतरून ती रांग बघून आला. मी विचारलं, "कशी आहे?" म्हणाला, "सुंदर." त्याचे डोळे चमकत होते. देवाशप्पथ, नवऱ्या मुलासारखा दिसत होता.

जहाज सकाळी आत घेतलं. मी शिडं उतरवून घ्यायला गेले होते, म्हणून काठावरच उभी होते. पोरं किनाऱ्यावरच्या शाळेत होती, जहाजावर कुणी नव्हतं, तेवढं एक बरं. गोदीचं दार लागलं आणि पंप सुरू झाले. पाणी इतकं हळू उतरतं की उतरतंय हे कळतसुद्धा नाही. भिंतीवरची ओली रेघ तेवढी वाढत जाते. दादा अगदी कडेला, दोन्ही हात पाठीमागे धरून.

मुकादम म्हणाला, "मागचं टेकलं." थोड्या वेळानं म्हणाला, "पुढचं टेकलं." मग तो पुढे झुकून मध्ये बघायला लागला. त्याचं हसरं तोंड उतरलेलं मी बघितलं. पाणी अजून उतरत होतं.

आधी आवाज आला तो आत कुठेतरी, सामान सरकवल्यासारखा. दादा पुटपुटला, "बसतंय. बसतंय ते." मग वर्गाच्या खिडकीची काच तडकली. मग तिच्या शेजारची. मग पलीकडची. रांगेनं, एकामागून एक, जणू कुणी आतून बोटानं टिचक्या मारत चाललंय. फळ्यांच्या फटीतून डांबर लागलेला काथ्या बाहेर लोंबायला लागला. मधली डोलकाठी एवढीशी हलली आणि सगळे दोर सैल पडले. ज्या काठ्यांपायी माझी छतं तोकडी पडली होती, त्यांचे सगळे दोर झोळीसारखे लोंबले. म्हणजे जहाज खरंच सरळ होत होतं हो! दादानं सांगितलं तसंच. आणि सरळ होता होता मोडत होतं.

मुकादम ओरडला, "पाणी आत घ्या! पाणी सोडा आत!" माणसं धावली. पाणी धो धो आत आलं. पाणी वर आलं. जहाज वर आलं नाही. उघड्या फटींतून पाणी आत शिरलं आणि ते तिथंच बसून राहिलं, अगदी सरळ, ठोकळ्यांच्या रांगेवर, कठड्यापर्यंत पाण्यात. मग कठड्याकडे माझं लक्ष गेलं. मागचं टोक वर उचलल्यासारखं दिसत होतं, पुढचंही. इतक्या वर्षांच्या पट्ट्यांनी कठडा उलटा वाकडा झाला होता.

दादा खाली बसला. मी त्याला उठवायला गेले तर म्हणाला, "झालं ना सरळ?" मी त्याला एक शिवी दिली. आयुष्यात पहिल्यांदा. मग त्याला धरून रडले, लोकांसमोर.

जहाज तिथल्या तिथंच तोडलं. गोदीतून बाहेर न्यायला ते तरंगायला तर हवं होतं! कप्तान आम्हाला काही बोलला नाही. एकदा रस्त्यात भेटला, टोपीला हात लावला आणि पुढे गेला. तो ओरडला असता तर फार बरं झालं असतं. पोरं दुसऱ्या गावच्या शाळेत गेली, तिथं इंजिनाचं जहाज होतं. मला शिडांचं काम उरलं नाही, मी उशांचे अभ्रे शिवायला लागले. दादा घरात बसला. भिंतीवरची आमची एकच तसबीर, आईबापांची, वाकडी झाली होती. तो तिच्याकडे बघत बसायचा आणि सरळ करायचा नाही. मीही केली नाही.

एक दिवस मुकादम घरी आला. हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं. उघडलं तर लाकडाच्या पट्ट्या, कठड्याखालच्या, एकावर एक खिळ्यांनी जोडलेल्या, एका बाजूला जाड, दुसरीकडे निमुळत्या. अगदी सफाईचं काम. मुकादमानं ती चवड टेबलावर ठेवली. मला वाटलं, आता हा तोंड सोडणार. मी पदर खोचून तयारच होते.

तो नुसता बसला आणि म्हणाला, "मेस्त्री, माझ्या गोदीत येणाऱ्या प्रत्येक जुन्या जहाजाला वाक असतो. आम्ही मधले ठोकळे तेवढे वर घेतो. जहाज जसं आहे तसंच टेकतं, फळ्या बदलतो आणि सोडून देतो. रोजचं काम आहे हे आमचं."

दादानं विचारलं, "आणि कप्तानाला काय सांगितलं असतं?"

"कोण सांगायला जाणार होतं? मी फळ्या बदलल्या असत्या. वाकाचं मला शाळेनं विचारलंच नव्हतं. तुम्हाला विचारलं होतं." मुकादमानं हात पसरले. "माझ्या कानात सांगायचं होतं, मेस्त्री. एवढंच करायचं होतं."

तो चहा न घेताच गेला. दादानं त्या पट्ट्यांवरून डोळे मिटून तळवा फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग त्या चुलीजवळ नेऊन ठेवल्या. मी जाळल्या नाहीत. पण मग एका ओल्या सकाळी सरपण नव्हतं, तेव्हा त्यानंच जाळल्या. चहा झाला त्याच्यावर. आम्ही दोघांनी प्यायला.

त्यानंतर दादाची पाठ गेली. ओळंबा म्हणवणारा माणूस, बघता बघता काठी धरून जमिनीकडे बघत चालायला लागला. डॉक्टर म्हणाले, मणके झिजलेत, आता हे असंच वाढणार, औषध नाही. मग चालणंही थांबलं. गादीवर उताणा झोपवला तर डोकं अधांतरी राहायचं, नाहीतर पाय. दुखून ओरडायचा. तरी म्हणायचा, "खाली फळी घाल. सरळ फळीवर पडलो की बसेल पाठ."

"तोंड मिट," मी म्हटलं. "बसलेल्या पाठी मी बघितल्यात."

माझ्याकडे शिडाचं जुनं कापड पडून होतं. ते दाभणानं शिवून लहान लहान उशा केल्या, आत चिंध्या ठासल्या. एक मानेखाली जाड, एक खांद्यांखाली, मग पातळ, आणि गुडघ्यांखाली परत जाड. जिथं जिथं तो गादीला टेकत नव्हता तिथं तिथं एकेक सारली. तो जसा वाकलाय तसाच टेकला. ओरडणं थांबलं. डोळे मिटून पडला होता. मला वाटलं, झोपला.

मग त्याचा हात गादीवरून सरकत गेला. मानेखालची उशी चाचपली, मग खांद्याखालची. जाडी बघितली.

"पाचरी घातल्यास," म्हणाला.

"घातल्या."

मग म्हणाला, "काढ त्या, सुई. मला नको. त्याला नाही मिळाल्या."

मी म्हटलं, "काढते हं," आणि त्याच्या अंगावरचं पांघरूण जरा हलवलं, काढल्यासारखं केलं आणि परत सारखं केलं.

तेव्हापासून रोज सकाळी मी त्याचं अंग पुसते, कपडे बदलते, उशा झटकून परत जागच्या जागी सारते. आणि तो रोज विचारतो, "काढल्यास ना?"

मी सांगते, "काढल्या, दादा. अगदी सरळ निजला आहेस."

त्याच्या तळव्याला अजून सगळं कळतं. हात उशीवरच असतो.

"बरं," म्हणतो.